दीडशे निमंत्रणं, हजार रुपये: दिवाळी स्नेहमिलनाच्या कार्डांचा हिशेब

प्रश्न डोंबिवलीच्या एका ताईंचा आहे. त्यांच्या सोसायटीत ११२ घरं आहेत. दिवाळीनंतरच्या रविवारी सकाळी गच्चीवर गाणी आणि मग सगळ्यांनी मिळून फराळ, असा बेत आहे. बाहेरचे तीस-पस्तीस पाहुणे धरून दीडशे निमंत्रणं लागतील. दुकानदाराने पाच बाय सातचं रंगीत कार्ड पाकिटासह १८ रुपयांना सांगितलं, म्हणजे २,७०० रुपये. समितीने मंजूर केलेत हजार. व्हॉट्सॲपवर चित्र टाकून मोकळं व्हावं असं तरुण मंडळींचं म्हणणं, ज्येष्ठांना ते पटत नाही. मुलांच्या हातून काही करून घेता आलं तर तेही हवं आहे.

ताई, हजारात होईल आणि वर थोडे उरतीलही. मी स्क्रीन प्रिंटिंग आणि डिजिटल छपाईचं छोटं दुकान चालवते, त्यामुळे काउंटरच्या आतल्या बाजूने जे दिसतं तेच सांगते. गिऱ्हाईक येतं ते मोबाइलवर डिझाइन दाखवतच येतं. भाव ऐकला की म्हणतं, कागद जरा हलका लावा. कागद हलका करून फारसं काही वाचत नाही. पैसे वाचतात ते आकारात, रंगात आणि पाकिटात, आणि या तिन्ही गोष्टी डिझाइन करायला बसण्याआधी ठरवाव्या लागतात.

आधी आकार. डिजिटल छपाईच्या मशीनला बहुतेक दुकानांत १२ बाय १८ इंचांचा कागद लावतात. दुकानदार पैसे घेतो ते त्या मोठ्या शीटचे, कार्डाचे नाही. तुम्ही सांगितलेलं पाच बाय सातचं कार्ड या शीटवर चारच बसतं आणि उरलेल्या पट्ट्या कचऱ्यात जातात. हेच कार्ड चार बाय साडेपाच करा: अठराच्या बाजूला चार, बाराच्या बाजूला दोन, म्हणजे एका शीटमध्ये आठ, आणि कडेने कटिंगपुरती जागाही राहते. आकार दोन्हीकडून एक-दीड इंचाने कमी झाला आणि शीट निम्म्यावर आल्या. साधारण ३.४ बाय ५.६ इंचांवर आलात तर दहाही बसतात, पण तेवढं लहान कार्ड हातात कुपनासारखं वाटतं, त्यामुळे मी आठवर थांबेन.

दीडशे कार्डांना १९ शीट लागतात, तुम्ही २० घ्या. १६० कार्डं होतील आणि नाव चुकलं, चहा सांडला तर दहा हाताशी राहतील. ३०० जीएसएमच्या (जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन, आकडा मोठा तेवढा कागद जाड) कार्डावर एका बाजूने रंगीत छपाईचा दर गावाप्रमाणे आणि दुकानाप्रमाणे शीटमागे २० ते ४० रुपयांच्या दरम्यान असतो. ३० धरले तर ६०० रुपये, कटिंगचे वर शंभरेक. सातशे रुपयांत रंगीत कार्ड तयार. तुमच्या पाच बाय सातला याच दराने ३८ शीट, म्हणजे नुसत्या छपाईचेच अकराशेच्या वर गेले असते.

याहून स्वस्त आणि मला विचाराल तर तुमच्या कामाला जास्त योग्य असा दुसरा रस्ता आहे, तो म्हणजे एका रंगात छापायचं आणि रंग हाताने भरायचा. स्टेशनरीच्या दुकानात ए-४ आकाराचं जाड कार्ड मिळतं, क्रीम, फिकट पिवळं, बदामी अशा रंगांत. १८० ते २१० जीएसएमचं घ्या. एका ए-४ मधून बरोबर चार ए-६ निघतात, मधोमध आडवा एक आणि उभा एक असे दोनच काप, कचरा शून्य. ४० कागदांत १६० कार्डं. झेरॉक्सवाल्याकडे लेझर प्रिंटरवर काळ्या रंगात छापून घ्या. कार्ड आणि छपाई मिळून कागदामागे आठ-नऊ रुपये धरले तरी साडेतीनशेच्या आसपास काम होतं. चारही बाजूंनी पाव इंच कोरी जागा सोडलीत तर काप थोडा इकडेतिकडे झाला तरी कळत नाही. रंग कडेपर्यंत न्यायचा असेल तर मात्र डिझाइन कापाच्या रेषेबाहेर तीन मिलिमीटर वाढवावं लागतं, नाहीतर एखाद्या कडेला पांढरी चीर दिसते. हौशी डिझाइनमध्ये ही गोष्ट हमखास राहून जाते आणि मग सगळं परत छापायची वेळ येते.

घरच्या प्रिंटरवर छापू का, असं तुम्ही विचाराल. शाईच्या टाकीचा प्रिंटर असेल तर खर्चाला हरकत नाही, पण जाड कार्ड ज्याच्या पोटात वळसा घेऊन जातं तो प्रिंटर अडकतो. कागद मागून उभा घालायची सोय असेल तरच प्रयत्न करा आणि आधी दोन कोरी कार्डं घालून बघा. शिवाय इंकजेटची बहुतेक शाई पाण्याने फुटते. कार्डाला ओलं कुंकू लावलंत किंवा दारात पाण्याचा हात लागला तर अक्षर पसरतं. लेझरची पूड कागदावर वितळून बसते, तिला पाण्याचं भय नाही. तिचं दुखणं वेगळं: दुमडलं की घडीवर तडकते. म्हणून लेझरवर छापलेलं कार्ड घडीचं करू नका. करायचंच असेल तर घडीच्या रेषेवर छपाई ठेवू नका आणि दुमडण्याआधी पट्टी धरून रिकाम्या रिफिलने रेघ दाबून घ्या. कागदाला आडवा-उभा ग्रेन, म्हणजे तंतूंची दिशा, असतो. ग्रेनच्या दिशेने घडी सरळ पडते, उलट दिशेने फाटल्यासारखी दिसते. हातात धरून दोन्हीकडे हलकेच वाकवलं की कुठल्या दिशेला तो कमी विरोध करतो ते कळतं. एकपानी कार्ड केलंत तर या सगळ्याची गरजच नाही, आणि फराळाच्या निमंत्रणाला एक पान पुरतं.

आता मुलांचं काम. भेंडीचे ठसे तुम्ही शाळेत केले असतीलच. देठाकडून आडवी कापलेली भेंडी म्हणजे तयार पाच पाकळ्यांचं फूल. पाच-सात फुलं गोलात उमटवली की रांगोळी होते, मधे बोटाच्या टोकाने पिवळा ठिपका. पणती हवी असेल तर बटाटा अर्धा कापून त्यावर पणतीचा आकार उठावाने कोरा. हे सुरीचं काम मोठ्यांनी करावं, ठसे मुलांनी मारावेत. कोरल्यावर बटाटा कपड्याने नीट पुसा. त्याला पाणी सुटतं आणि तेच कागदावर उतरून रंगाला फिकट कड येते. पोस्टर कलर घट्टच ठेवा, पाणी जवळजवळ नको. रंग बशीत ओतून त्यात ठसा बुडवू नका. स्पंजच्या तुकड्यावर रंग पसरून त्यावर ठसा टेकवा, म्हणजे प्रत्येक वेळी सारखा लागतो. एक बटाटा चाळीस-पन्नास ठशांनंतर मऊ पडतो, त्यामुळे तीन-चार तयार ठेवा.

क्रम मात्र लक्षात ठेवा: आधी छपाई, मग कटिंग, मग ठसे. बऱ्याच जणांना वाटतं मुलांनी आधी कागद रंगवावेत आणि त्यावर मजकूर छापावा. लेझर प्रिंटर कागदाला चांगला तापवतो. त्या उष्णतेत आणि रुळांच्या दाबाखाली पोस्टर कलरचे पापुद्रे सुटतात, आणि झेरॉक्सवाला तुमचे कागद परत हातात देतो. तो बरोबरच करतो, कारण त्या रुळाची किंमत तुमच्या सगळ्या कार्यक्रमापेक्षा जास्त असते. आणि चमकी, म्हणजे ग्लिटर, नको. ती कार्डावर राहत नाही, सोफ्यावर आणि नंतर चिवड्यात जाते.

ठशांऐवजी रबरी शिक्का करून घेता येतो. पणतीचं चित्र आणि खाली सोसायटीचं नाव, एवढाच. खर्च एकदाच होतो आणि तो पुढे गणपतीला, कोजागिरीला, संक्रांतीच्या हळदीकुंकवालाही चालतो. हा शिक्का खाकी क्राफ्ट कार्डावर लाल शाईत फार छान उठतो. चकचकीत आर्ट कार्डावर शिक्क्याची शाई वाळत नाही, हात लागला की पुसते. हीच गोष्ट पेनाची. तुम्हाला प्रत्येक कार्डावर घराचं नाव हाताने लिहायचं असेल, आणि लिहावंच असं माझं मत आहे, तर न चकाकणारा कागद निवडा. त्यावर बॉलपेन, जेल पेन सगळं टिकतं.

हाताने लिहायच्या नावाबद्दल एक सुचवते. ‘श्री. व सौ.’ असं छापून घेऊ नका. सोसायटीत एकट्या राहणाऱ्या आजी असतात, दोघी बहिणी असतात, भाड्याने राहणारी चार मुलं असतात. नुसती रेघ आणि पुढे ‘परिवार’ असलं की जोशी परिवार, शेख परिवार, सगळ्यांना लागू पडतं. भाड्याच्या घरातल्या मुलांना नुसतं ‘घर क्र. ३०२ची मंडळी’ म्हटलं तर आवडतं, हे मी पाहिलं आहे.

कागद कुठून घ्यावा? चाळीस कागदांसाठी मुंबई गाठू नका, डोंबिवलीतच मिळतील. ऑफिस फोर्ट-मशीदबंदर भागात असेल तर अब्दुल रहमान स्ट्रीटवर घाऊक स्टेशनरीत भाव बरा मिळतो. पुण्याच्या वाचकांसाठी अप्पा बळवंत चौक आणि रविवार पेठ आहेच. शिवाजीनगरला १९४० पासूनची हातकागद संस्था आहे, तिथला कागद सुंदर, पण तो लेझर प्रिंटरमध्ये घालू नका. त्याचा पृष्ठभाग खडबडीत असल्याने पूड नीट बसत नाही. हातकागदाला शिक्का किंवा स्क्रीन प्रिंटिंग शोभतं.

मोठी कार्डशीट घेणार असाल तर तिचं माप २२ बाय २८ इंच असतं. चार बाय साडेपाचची कार्डं तिच्यातून बरोबर २८ निघतात, सहा शीटमध्ये १६८. नुसत्या ठशांची आणि हाताने लिहायची निमंत्रणं करणाऱ्या छोट्या मंडळांना याहून स्वस्त काही नाही. कापताना मात्र घरी कात्री चालवू नका. कागदाच्या दुकानाशेजारी कटिंग मशीनवाला असतोच, सगळा गठ्ठा तो एका दाबात कापतो आणि कडा आरशासारख्या निघतात. घरी पट्टी-कटरने कापलेलं कार्ड कितीही काळजी घेतली तरी एका कोपऱ्यात चुकतं, आणि स्वस्तातलं कार्ड स्वस्त दिसतं ते बहुतेक वेळा वाकड्या कापामुळेच.

लग्नपत्रिकांच्या दुकानांतला एक प्रकार बाहेर फारसा कुणाला माहीत नसतो. दरवर्षी नवी डिझाइनं येतात आणि जुन्यांचे शे-दोनशेचे गठ्ठे उरतात. कुठल्याच लग्नाला तेवढी पुरत नाहीत म्हणून ती पडून राहतात. आत मजकुराची जागा कोरी असते, पाकीट बरोबर असतं, वर सोनेरी ठशाचं काम झालेलं असतं. गिरगावात खाडिलकर रोडवर किंवा तुमच्याच गावातल्या दुकानात ‘जुन्या डिझाइनचा उरलेला माल दाखवा’ म्हणून विचारा. बाहेरच्या तीस पाहुण्यांसाठी भारदस्त काही हवं असेल तर ते इथे मिळेल. फक्त वर ‘शुभविवाह’ छापलेलं नाही ना, हे गठ्ठ्यातलं प्रत्येक कार्ड उलटून बघा.

ऑफसेटचा, म्हणजे प्लेट करून मोठ्या मशीनवर होणाऱ्या छपाईचा, विचार सोडून द्या. प्लेट, मशीनची जुळणी यांचा खर्च दीडशेला आणि हजाराला सारखाच पडतो, त्यामुळे दीडशेला ते परवडत नाही. एक अपवाद आहे, व्हिजिटिंग कार्डांचा. छपाईवाले पुष्कळ गिऱ्हाइकांची कार्डं एकाच मोठ्या शीटवर एकत्र लावतात, म्हणून साडेतीन बाय दोन इंचांची हजार रंगीत कार्डं काहीशे रुपयांत होतात. एवढ्या लहान जागेत निमंत्रण मावत नाही, पण ‘फराळ कूपन’ छान मावतं. त्यावर वर्ष, तारीख न छापता जागा सोडा आणि तारखेचा शिक्का मारा, पुढची कित्येक वर्षं तीच कार्डं चालतील. हजारातले दीडशे वापरून बाकीचे वाया गेले असं मग होत नाही.

कुपनाचा विषय काढला तो मुद्दाम. निमंत्रणात हजार-दोन हजार वाचवायला आपण डोकं लढवतो आणि फराळात त्याच्या कितीतरी पट घालवतो. किती माणसं येणार ते विचारायला आपल्याकडे संकोच वाटतो. ‘सहकुटुंब सहपरिवार या’ म्हणून टाकायचं आणि मग ४०० माणसांचा अंदाज धरून फराळ मागवायचा, येतात २७०. फराळाचं ताट ८० रुपयांचं धरलं तरी वाया गेलेल्या ताटांत तुमच्यासारखी दहा निमंत्रणांची बजेटं बसतात. म्हणून कार्डाच्या खालच्या टोकाला इंचभराची पट्टी ठेवा: घर क्रमांक, मोठे किती, लहान किती. मधे तुटक रेघ छापा. पट्टी कापून वॉचमनच्या टेबलावरच्या डब्यात टाकायची. मुदत कार्यक्रमाच्या पाच दिवस आधीची द्या. निम्म्याच घरांतून पट्ट्या येतील, उरलेल्या घरांची बेल मुलांना वाजवायला लावा. लहान मूल वही घेऊन दारात उभं राहिलं की लोक ‘बघू, सांगतो’ म्हणत नाहीत, आकडा सांगतात.

मजकूर थोडका असू द्या. दिवाळी हा प्रकाशाचा सण आहे वगैरे चार ओळी कोणी वाचत नाही, त्यांच्यामुळे वेळेचं अक्षर बारीक होतं. मी असा लिहीन:

सप्रेम नमस्कार,
यंदाचा दिवाळीचा फराळ एकत्र करू या.
रविवार, दि. १५ नोव्हेंबर २०२६
सकाळी ७.३० चहा, ८ ते ९.३० गाणी, मग फराळ
ठिकाण: आपली गच्ची (पाऊस आल्यास तळमजल्यावरचं पार्किंग)
घरातल्या सगळ्यांनी यायचं. पाहुणे आले असतील तर त्यांनाही आणा, फक्त आकडा कळवा.
आपले, सांस्कृतिक समितीचे सदस्य

खाली एक फोन नंबर, दोन नकोत. तारखेसोबत वार असलाच पाहिजे आणि तो कॅलेंडरवर बोट ठेवून तपासा. नंबर छापायला देण्याआधी कच्च्या प्रतीवर बघून तो स्वतः लावा, घंटी कुणाच्या घरी वाजते ते कळेल. मजकूर ज्याने टाइप केला त्याला शेवटचं वाचायला देऊ नका, त्याला स्वतःची चूक दिसत नाही. तिसऱ्या माणसाकडून मोठ्याने वाचून घ्या.

टाइप युनिकोडमध्येच करा. टायपिंगवाल्याने श्रीलिपी किंवा कृतिदेवमध्ये करून दिलं तर ज्या कॉम्प्युटरवर तो फॉन्ट नाही तिथे सगळं अगम्य चिन्हांत बदलतं. वर्डची फाइलही देऊ नका, पीडीएफ करून द्या, आणि ती स्वतःच्या मोबाइलवर उघडून जोडाक्षरं बघा. ‘येणाऱ्या’मधला अर्धा र रफार होऊन ‘येणार्या’ झालेला नाही ना, ‘स्नेहमिलन’मधला स्न सुटा पडलेला नाही ना, एवढं पाहिलंत तरी बहुतेक दोष सापडतात. फुकट आणि चांगले फॉन्ट आता पुष्कळ आहेत. मजकुराला मुक्ता, शीर्षकाला बालू, हे दोन्ही ‘एक टाइप’ या फॉन्ट करणाऱ्या संस्थेचे. जरा पारंपरिक चेहरा हवा असेल तर तिरो देवनागरी मराठी, त्यात ल आणि श आपल्या मराठी वळणाचे येतात. एका कार्डावर दोनच फॉन्ट वापरा. ज्येष्ठांसाठी वेळ आणि ठिकाण १२ पॉइंटच्या खाली नेऊ नका. जाड फॉन्ट बारीक आकारात घेतला की झेरॉक्सवर मात्रा-वेलांट्यांच्या मधल्या जागा भरून जातात आणि अक्षर डागासारखं दिसतं.

रंगीत कार्डाचाच रस्ता धरलात तर एक गोष्ट आधीच सांगून ठेवते. मोबाइलच्या पडद्यावरचा झगझगीत भगवा, पोपटी, राणी कागदावर तसा येत नाही. पडदा प्रकाशाने रंग दाखवतो, मशीन चार शायांनी, आणि या शायांची धाव तेवढी नाही. गिऱ्हाईक आणि दुकानदार यांच्यात दिवाळीत होणारी निम्मी भांडणं यावरून असतात. वीस शीट काढण्याआधी त्याच मशीनवर, त्याच कार्डावर एक शीट काढून घ्या, तीस रुपये जातील. काळ्या किंवा गर्द निळ्या पार्श्वभूमीवर सोनेरी पणत्या असलेली तयार डिझाइनं नेटवर ढिगाने मिळतात, ती टाळा. कापलेल्या कडेला पांढरं दिसतं, बोटांचे ठसे उठतात आणि त्यावर नाव लिहायला जागाच नसते. सोनेरी म्हणून जे दिसतं ते साध्या मशीनवर मातकट पिवळं येतं.

पाकीट नको. तयार पाकीट घ्यायला गेलात तर ते कार्डापेक्षा महाग पडतं, आणि शेजारच्या दाराशी कार्ड हातात द्यायला त्याची गरज काय? बाहेरच्या तीस जणांसाठीच हवं असेल तर भिंतीवरच्या जुन्या कॅलेंडरची पानं वापरा. एक जुनं पाकीट उकलून त्याचा साचा करा, तो पानावर ठेवून कापा, चित्राची बाजू आत. पाकीट उघडलं की आतून रंग दिसतो. चिकटवायला गोंदाची कांडी बरी. पातळ फेव्हिकॉलने कागद फुगतो. कणकेची खळ केलीत तरी चालेल. बाइंडर लोक तिच्यात झुरळं लागू नयेत म्हणून मोरचूद घालतात, तुमच्या पाकिटांचं आयुष्य आठवड्याचं असल्याने ती भानगड नको.

टपालाने जाणारी पाच-दहा असतील तर वजनाची काळजी करू नका. चार बाय साडेपाचचं ३०० जीएसएमचं कार्ड साडेचार ग्रॅमसुद्धा भरत नाही. पाकीट धरूनही २० ग्रॅमच्या आत राहतं, आणि तेवढ्याला साध्या पत्राचं पाच रुपयांचं तिकीट लागतं. पोस्टकार्डावर निमंत्रण छापायची हौस कुणाला असेल तर ऐका: पन्नास पैशांत जातं ते हाताने लिहिलेलं पोस्टकार्ड. छापील मजकुराच्या कार्डाचा दर सहा रुपये. म्हणजे पोस्टकार्डाने वाचवायचं असेल तर हाताने लिहा. दर बदलतात, खिडकीवर एकदा विचारून घ्या.

आता व्हॉट्सॲपचा वाद. तरुणांचं चुकत नाही, पण मधला तोडगा म्हणून ज्येष्ठांना तेवढी कार्डं आणि बाकीच्यांना मेसेज असं ठरवू नका. दोन दिवसांत ‘त्यांना कार्ड, आम्हाला फक्त मेसेज’ असं जिन्यात ऐकू येईल. सोसायटीत एक तर सगळ्या घरांना कार्ड किंवा कुणालाच नाही. मेसेज हवाच, पण तो आठवणीसाठी. कार्ड वाटल्यावर दुसऱ्या दिवशी आणि कार्यक्रमाच्या आदल्या संध्याकाळी, दोनदाच. कार्डाचाच फोटो काढून पाठवू नका, अक्षर पुसट येतं. १०८० बाय १३५० पिक्सेलचं उभं चित्र वेगळं करा, त्यात अक्षर मोठं ठेवा, आणि चित्राखाली तारीख-वेळ-ठिकाण टाइप करूनही लिहा. चित्र डाउनलोड न करणारे आणि चष्मा शोधणारे, दोघांचं काम भागतं. लिफ्टशेजारच्या फलकावर ए-३ आकारात एक प्रत लावा.

तुमच्यासाठी मी ठरवलं असतं ते असं: क्रीम रंगाची चाळीस ए-४ कार्डं, काळ्या रंगात लेझर छपाई, खाली आकडा कळवायची पट्टी, वर मुलांनी मारलेले भेंडीचे ठसे कुंकवाच्या लाल रंगात. कार्ड-छपाई साडेतीनशे, कटिंग शंभर, पोस्टर कलर आणि स्पंज दीडशे, टपाल पन्नास. साडेतीनशे शिल्लक. भेंडी घरची.

वेळेचं गणित मात्र कडक आहे. दिवाळीआधी ऑफसेटवाले दिवाळी अंकांत आणि बाकी छपाईवाले तुळशीच्या लग्नानंतरच्या मुहूर्तांच्या पत्रिकांत अडकलेले असतात. लक्ष्मीपूजनापासून भाऊबीजेपर्यंत बरीच दुकानं बंद, कारागीर गावी. म्हणून दिवाळीनंतरच्या कार्यक्रमाची कार्डंही दिवाळीच्या आठवडाभर आधी हातात हवीत. दसऱ्याला मजकूर पक्का करा, पुढच्या दोन-तीन दिवसांत छपाई, त्या शनिवार-रविवारी मुलांना बसवून ठसे, एक रात्र वाळवण. वाटप वसुबारसेच्या आधी उरका, नंतर घरं सुट्टीला जायला लागतात. कटिंगवाल्याला सकाळी लवकर गाठा. दुपारनंतर त्याच्यासमोर पत्रिकांचे गठ्ठे लागलेले असतात आणि तुमच्या चाळीस कागदांसाठी तो मशीनचं माप बदलणार नाही.